टोचायच्या आधी कुणी पाहिलं होतं?

चवथ तोंडावर आली होती. मामी मुंबईहून मांडवी एक्स्प्रेसने थिवीला उतरली आणि डिचोलीच्या घरी पोचताच गणपतीवर टांगायच्या माटोळीचं काय आणलं, काय राहिलं हे बघायला लागली. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, डॉक्टरांना एकदा हाडांवर नजर टाकून घ्यायची होती, म्हणून हाडांचा स्कॅन. सकाळी दंडात एक लहानसं इंजेक्शन, मग दोन-तीन तास नुसतं बसायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि नंतर त्या यंत्राखाली निमूट पडून राहायचं. स्कॅन स्वच्छ निघाला. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामीला सणकून ताप भरला. मामेभावाचा फोन आला तेव्हा मी वेर्ण्याहून घरी यायला निघाले होते. ‘ताई, तू इंजेक्शनांच्याच कंपनीत आहेस. त्या किरणांच्या इंजेक्शनाचाच नाही ना हा ताप?’ मी त्याला विचारलं, टोचल्याच्या दिवशी हुडहुडी भरली होती का, संध्याकाळपर्यंत अंग तापलं होतं का. नाही म्हणाला. इंजेक्शनातून येणारा ताप तिसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. तो तासा-दीड तासात थंडी वाजवत येतो आणि बहुतेक वेळा रात्रीपर्यंत उतरतो. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पावसाळ्यात गोव्यात त्याला निमित्त लागत नाही. चवथीच्या आरतीला मामी खुर्चीत बसून का होईना, होती.

पण तापात असतानाच एकदा तिने फोन स्वतःकडे मागून घेतला होता आणि मला विचारलं होतं, ‘गो, ते मला टोचायच्या आधी कुणी पाहिलं होतं का?’ मी म्हटलं, ‘हो मामी, पाहिलेलं असतं.’ तिला तेवढं पुरलं. मला पुरलं नाही.

त्या ‘हो’मध्ये काय काय आहे, ते मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर ते मनातून जात नाही.

वेर्ण्याच्या पठारावर आमची प्रयोगशाळा आहे. खिडकीबाहेर पावसात हिरवागार सडा, उन्हाळ्यात तोच तांबडा आणि करपलेला. आत मात्र ऋतू नसतो. मी इंजेक्शनांमधले एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचे ताप आणणारे अवशेष, तपासते. या चाचणीला आमच्याकडे सगळे बीईटी म्हणतात, बॅक्टेरियल एन्डोटॉक्सिन टेस्ट. बोटाच्या पेरापेक्षा थोड्या लांब, बारीक काचेच्या नळ्या, 250 अंशांवर अर्ध्या तासाहून जास्त भाजून काढलेल्या. त्यात औषधाचा दशांश मिलिलिटर आणि तेवढंच लायसेट, म्हणजे हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तपेशींचा अर्क. मग नळी 37 अंशांच्या ब्लॉकमध्ये एक तास. या तासात तिला कुणी हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही, दार आपटायचं नाही. कारण आत जर गोळा धरत असेल आणि तो धक्क्याने मोडला, तर तो पुन्हा धरत नाही, आणि वाईट औषध चांगलं म्हणून निघून जाईल. तास भरला की नळी दोन बोटांत धरून एकाच संथ गतीने पुरती उलटी करायची. काचेच्या तळाला पारदर्शक गोळा तसाच चिकटून राहिला तर एन्डोटॉक्सिन आहे. पाण्यासारखं खाली ओघळलं तर नाही. आता संगणकावर आलेख काढणारी यंत्रं आली आहेत, पण नळी उलटी करतानाचा तो अर्धा सेकंद मला अजूनही सर्वांत खरा वाटतो. शेजारी आणखी नळ्या असतात, एकीत मुद्दाम घातलेलं एन्डोटॉक्सिन, एकीत निव्वळ पाणी, आणि एकीत औषधातच घातलेलं ठरावीक एन्डोटॉक्सिन. ही शेवटची नळी गोठली नाही, तर औषधच चाचणीला आडवं येतंय असं समजायचं. मग उरलेल्या नळ्यांच्या ‘नाही’वर विश्वास ठेवता येत नाही.

बाहेरच्या माणसाला हे पटवून देणं कठीण जातं की जंतू मेले तरी प्रश्न संपत नाही. काही जिवाणूंच्या बाहेरच्या भिंतीत एक मेदाचा आणि साखरेचा रेणू असतो, तेच एन्डोटॉक्सिन. जिवाणू उकळून मारा, ऑटोक्लेव्ह करा, तो मरेल, पण भिंतीचे तुकडे पाण्यात तसेच राहतील. जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही ते आरपार जातात. पोटात गेले तर काही बिघडत नाही, आपल्या आतड्यात ते ढिगाने असतात. शिरेत गेले की शरीराला वाटतं, शत्रू आत आला. थंडी, ताप, आणि फारच जास्त असतील तर रक्तदाब कोसळून माणूस दगावूही शकतो. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांना ‘इंजेक्शनाचा ताप’ माहीत होता, कारण माहीत नव्हतं. कुणी औषधाला दोष देई, कुणी रोग्याच्या प्रकृतीला. फ्लॉरेन्स सायबर्ट नावाच्या अमेरिकन बाईंनी 1923 साली दाखवून दिलं की दोष ऊर्ध्वपातित पाण्यात होता. उकळताना उडणारे सूक्ष्म थेंब वाफेबरोबर पलीकडे जात आणि जिवाणूंचे अवशेष सोबत नेत. त्यांनी तो थेंब अडवणारं पात्र बनवलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे सायबर्टबाई लंगडत चालत. मला त्यांच्याविषयी वाचायला नेहमीच आवडतं. शिरेतून सलाइन लावलेल्या प्रत्येक माणसावर त्यांचे उपकार आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नाही.

त्यानंतर ही जबाबदारी सशांवर आली. 1942 साली अमेरिकेच्या औषधकोशात सशांची चाचणी आली आणि पुढे जगभर तीच चालली. आमच्याकडे पूर्वी फोंड्याहून येणारे एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांनी उमेदीची वर्षं दुसऱ्या कारखान्याच्या सशांच्या खोलीत काढली होती. तीन ससे, मान लाकडी पेटीच्या खाचेत अडकवलेली, मागून तापमापीची तार, कानाच्या कडेच्या शिरेत औषध, आणि तीन तास तापाची नोंद. ते सांगायचे, खोलीत शिरताना पाय वाजवायचा नाही, ससा दचकला तरी त्याचा पारा चढतो. त्यांना त्यांचे ससे एकेक करून आठवत. कोणता शांत, कोणता पहिल्याच दिवसापासून भेदरट. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले की ते हे सांगायचे, आणि बोलता बोलता गप्प व्हायचे. ते काम त्यांनी नीट केलं आणि त्यांना ते आवडत नव्हतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

मामीच्या दंडात गेलेलं औषध मात्र या सगळ्या शिस्तीत बसतच नाही.

तिला दिलं ते टेक्नेशियम, एक किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याचं अर्धआयुष्य सहा तास. सकाळी दहाला जेवढं असेल त्याच्या निम्मं दुपारी चारला, रात्री दहाला पाव. पेट स्कॅनसाठी देतात त्या किरणोत्सारी फ्लोरिनचं तर जेमतेम 110 मिनिटं, ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून निघालं की घड्याळ मागे लागतं. आणि जंतू नाहीत याची खात्री देणारी स्टेरिलिटी चाचणी घेते चौदा दिवस, कारण जंतू असलाच तर त्याला वाढून दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो. चौदा दिवसांत टेक्नेशियम छप्पन्न वेळा निम्मं होतं. म्हणजे उत्तर येतं तेव्हा औषध उरलेलंच नसतं, आणि ते घेतलेला माणूस घरी जाऊन चवथीची तयारी करत असतो. आमच्या कारखान्यात बॅच गोदामात थांबते, अहवाल येतो, मग ट्रक निघतो. तिथे थांबणं हाच मुळी तोटा. सशाची चाचणीही त्या घाईत तोकडी पडायची, शिवाय टोचलेला ससा काही काळ स्वतःच किरणोत्सारी होऊन बसायचा. जंतूंच्या बाबतीत टोचण्याआधी बोलू शकेल अशी एकच चाचणी या औषधांना सोसते, ती म्हणजे एन्डोटॉक्सिनची. आजच्या कार्ट्रिजच्या यंत्रावर ती पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते.

आणि ही चाचणी औषधांच्या जगात आली तीच मुळी किरणोत्सारी औषधांच्या दारातून. मला हे फार उशिरा कळलं, कळलं तेव्हा मी सगळ्यांना धरून धरून सांगत होते. फ्रेडरिक बँग हे जॉन्स हॉपकिन्सचे डॉक्टर वुड्स होलच्या किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅबवर काम करत होते. 1956 साली त्यांनी लिहिलं की विशिष्ट जिवाणू टोचले की या प्राण्याचं रक्त अंगातच गोठतं. पुढे जॅक लेव्हिन या रक्तशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी शोधून काढलं की गोठवणारं द्रव्य रक्तातल्या पेशींत आहे आणि एन्डोटॉक्सिनचा अंशही त्याला पुरतो. हा किनाऱ्यावरचा शोध इस्पितळात कुणी आणला? त्याच विद्यापीठात किरणोत्सारी औषधांशी झगडणाऱ्या जेम्स कूपर यांनी, लेव्हिन आणि हेन्री वॅग्नर यांच्यासोबत, 1970 साली. त्यांना सशांसाठी थांबायला वेळच नव्हता. साध्या सलाइनला थांबता येत होतं, म्हणून ते थांबलं. लायसेटला पहिला परवाना मिळायला 1977 उजाडलं. म्हणजे आज मी वेर्ण्याला प्रतिजैविकाची नळी उलटी करते, ते घाईत असलेल्या त्या औषधांमुळे.

खेकडा म्हणतात, पण तो आपल्या कुर्ल्यांच्या नात्यातला नाही, कोळी-विंचवांच्या जवळचा. पंचेचाळीस कोटी वर्षांपासून जवळपास याच आकारात आहे. रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून हवेत आलं की निळं. गोव्याच्या किनाऱ्यावर तो मिळत नाही, ओडिशा आणि बंगालच्या बाजूला मिळतो, चांदिपूर-बालेश्वरच्या वाळूत अंडी घालायला भरतीबरोबर जोडीने वर येतो. पण त्याचा भारतातला अभ्यास मात्र बराचसा इथल्या दोनापावल्याहून झाला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अनिल चॅटर्जींनी या प्राण्यासाठी आपली कितीतरी वर्षं दिली. त्याचं रिकामं कवच मी पहिल्यांदा एका विज्ञान प्रदर्शनात हातात घेतलं. वाटलं होतं जड असेल. निघालं कागदासारखं हलकं, कडेला काटे, शेपटी सुईसारखी. तोवर मी त्याच्या रक्तावर रोज काम करत आले होते आणि त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. अमेरिकेच्या किनाऱ्यावर या प्राण्यांना पकडून, हृदयाजवळ सुई घालून रक्त काढतात आणि पुन्हा समुद्रात सोडतात. सगळे जगत नाहीत. सशांची सुटका झाली, ती या प्राण्याच्या जिवावर.

माझ्या टेबलावर किरणोत्सारी औषध कधी आलेलं नाही. पण माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण मुंबईकडे अशा प्रयोगशाळेत आहे. ती सांगते तेव्हा मी माझ्या कामाकडे नव्याने बघते. छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज, बोटात तशीच अंगठी, समोर शिशाची भिंत आणि तीत जाड शिसेरी काच. पिपेट धरलेला हात त्या भिंतीमागे, डोळे काचेतून. जे मी निवांत बसून करते ते तिला पटापट करावं लागतं, कारण तिथला प्रत्येक जास्तीचा मिनिट तिच्या अंगठीवर जमा होतो. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही की नमुना पुष्कळ विरळ करता येतो. शिरेतून देण्याच्या किरणोत्सारी औषधाला पूर्ण डोसमागे एन्डोटॉक्सिनच्या 175 एककांची मर्यादा आहे, इतर इंजेक्शनांत सत्तर किलोच्या माणसाला तासाला 350 चालतात त्याच्या निम्मी. डोस दहा मिलिलिटरचा असेल तर मिलिलिटरमागे साडेसतरा. लायसेट जर एक-अष्टमांश एककसुद्धा ओळखत असेल, तर औषध एकशेचाळीस पट विरळ करूनही निकाल ग्राह्य राहतो. विरळ केलं की किरणंही तेवढीच कमी. वजनात सांगायचं तर 175 एककं म्हणजे साधारण साडेसतरा नॅनोग्रॅम. मिठाचा एक कण त्याच्या हजारो पट भरेल. एवढ्याशा गोष्टीवर दोन माणसं आणि एक प्राणी पहारा देतात.

विरळ करण्याचं कारण फक्त किरणं नाहीत. डीटीपीए नावाचं द्रव्य काही स्कॅनच्या औषधांत असतं आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे धातू पकडून ठेवतं. लायसेटला गोठायला तेच धातू लागतात. म्हणजे औषधात घाण असूनही नळी ओघळू शकते, आणि बघणाऱ्याला वाटेल, सगळं छान आहे. अशा वेळी ती शेवटची नळी वाचवते, मुद्दाम एन्डोटॉक्सिन घातलेली. मैत्रीण म्हणते, मला औषधाच्या नळीची भीती वाटत नाही, मला त्या नळीची वाटते.

या धास्तीला इतिहास आहे. मेंदूभोवतीचं पाणी कसं वाहतं ते बघायला पाठीच्या कण्यातून किरणोत्सारी औषध देतात. सत्तरच्या दशकात अशा काही रोग्यांना तपासणीनंतर मेंदूज्वरासारखी लक्षणं दिसली, डोकं फुटायला आलेलं, मान ताठ, ताप, आणि पाण्यात जंतू मात्र एकही नाही. औषध सशांवर पास झालेलं होतं. कूपर आणि हार्बर्ट यांनी 1975 साली दाखवलं की त्या औषधात एन्डोटॉक्सिन होतं, आणि कण्यातून गेलेलं एन्डोटॉक्सिन शिरेतल्यापेक्षा हजार पटींहून जास्त जाचक ठरतं. सशाच्या कानात ते टोचलं तर सशाला काहीच होत नव्हतं. सशाने खोटं सांगितलं नाही, त्याला प्रश्नच चुकीच्या जागी विचारला होता. म्हणून आज कण्यातून द्यायच्या औषधाला मर्यादा आहे ती डोसमागे फक्त 14 एककांची. मर्यादांचे तक्ते आमच्या भिंतीवर लावलेले असतात, नव्या मुली ते पाठ करतात. मला वाटतं, पाठ करताना प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडलं होतं, हेही त्यांना सांगायला हवं. मी सांगते.

तर मामीचं इंजेक्शन. तिच्या हाडांत जाऊन बसणारं औषध एका छोट्या कुपीत पांढऱ्या वाळलेल्या पुडीच्या रूपात इस्पितळात येतं, त्याला कोल्ड किट म्हणतात, कारण त्यात किरणं नसतात. ते किट बनवणाऱ्याने सवडीने तपासलेलं असतं, एन्डोटॉक्सिन आणि स्टेरिलिटी दोन्ही. सलाइन तपासलेलं असतं. टेक्नेशियम मिळतं ते जनरेटरमधून, आत मॉलिब्डेनम, 66 तासांनी निम्मं होणारं. सकाळी त्यातून सलाइन ओढलं की टेक्नेशियम बाहेर येतं, कुपीत सोडलं, हलवलं, थोडा वेळ ठेवलं, सिरिंजमध्ये भरलं, नाव लिहिलं. बहुतेक ठिकाणी प्रत्येक कुपीची एन्डोटॉक्सिन चाचणी लावून मग टोचत नाहीत. म्हणजे जे जे मिसळलं ते सगळं तपासलेलं होतं, मिसळलेलं नव्हतं. कुपीच्या रबरी बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवला की नाही, सुई कुठे टेकली, हातमोजे केव्हा बदलले, हे कोणत्याही नळीने पाहिलेलं नाही. ते त्या सकाळच्या तंत्रज्ञाने पाहिलं. ती किंवा तो कोण होता, मामीला माहीत नाही, मलाही नाही.

पूर्वी मला याचा थोडा राग यायचा. आमच्यात तीन-तीन सह्या असतात आणि तिथे अंतिम कुपी तशीच जाते. मैत्रिणीशी बोलून बोलून तो राग गेला. कारखान्यातही शेवटच्या नळीने औषध चांगलं होत नाही, ते आधीच चांगलं झालेलं असतं किंवा नसतं. पाण्याच्या पाइपात साचू न देणं, काच भाजणं, गाळणी लावल्यावर ती फाटली नाही ना हे दाबाने बघणं, या सगळ्यानंतर आम्ही येतो. किरणोत्सारी औषधांत तर ही गोष्ट उघडीच पडते, कारण चाचणीच्या मागे लपायला वेळ नसतो. तरीही एक गोष्ट मला हवी आहेच. रोग्याला स्कॅनच्या आधी जो कागद देतात त्यात पाणी किती प्यायचं, लहान मुलांना किती वेळ जवळ घ्यायचं नाही हे असतं. त्यातच दोन ओळी मराठी-कोकणीत असाव्यात. यातलं काय तपासून आलं आहे आणि काय आज सकाळी इथे हाताने केलं आहे. टोचल्यानंतर दोन-तीन तासांत थंडी वाजली तर लगेच सांगा. मामीसारखी बाई हे वाचून घाबरणार नाही. तिने केमोचे कागद वाचले आहेत.

आमच्याकडे आता प्राण्याच्या रक्ताऐवजी कारखान्यात बनवलेलं प्रथिन वापरून बघायचं काम सुरू आहे. सिंगापूरच्या जीक लिंग डिंग आणि बो हो यांनी खारफुटीतल्या हॉर्सशू क्रॅबमधून त्या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं, युरोपच्या औषधकोशाने 2021 पासून या प्रथिनाची स्वतंत्र पद्धत मान्य केली. एकच नमुना दोन्ही पद्धतींनी शेजारी-शेजारी लावायचा आणि आकडे जुळतात का बघायचं. जुळतात तेव्हा मला आनंद होतो, आणि त्याच वेळी मनात जुन्या लायसेटवरचा भरवसा सोडवत नाही, कारण त्याच्या चुका मला ओळखीच्या झाल्या आहेत. मैत्रिणीला मी विचारलं, तुमच्याकडे कधी. ती म्हणाली, आमच्याकडे विरळ नमुना, कमी वेळ, डीटीपीए, प्रत्येक औषधासाठी सगळं पुन्हा सिद्ध करावं लागेल, पण करू.

तिच्याकडच्या कामातला एक भाग मला आधी निरर्थक वाटायचा. चौदा दिवसांनी येणारा तो स्टेरिलिटीचा अहवाल. औषध संपलं, किरणं संपली, माणसं घरी गेली. आता वाचून काय करायचं? मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, एखादी नळी गढूळ निघाली तर त्याच दिवशी इस्पितळांना फोन जातो, त्या बॅचच्या प्रत्येक रोग्याचं नाव काढून डॉक्टरांना कळवावं लागतं. आणि तशी निघाली नाही तरी तो वाचायचाच, कारण उद्याची बॅच त्याच पाण्याची, त्याच गाळणीच्या जातीची, त्याच हातांची असते. म्हणून ती चौदाव्या दिवशी नळ्या उजेडासमोर धरते, काळ्या कागदापुढे धरते, मग पांढऱ्या. सही करते. आणि पंधराव्या दिवसाच्या बॅचला बसते.